थंडीने आखडलेला शार्क

पाद्रे बेटावर जानेवारीतल्या बोचऱ्या सकाळी मासेमारीच्या आमिषाच्या दुकानात रांग होती. माझ्यापुढे दोन म्हातारे उभे होते.

"ड्वेन, नाताळात तू किनाऱ्यावरून शार्क धरलास आणि ओळखीसाठी नंबराचा बिल्ला लावून परत पाण्यात सोडलास, तो केवढा होता रे?"

"सात फूट! दुकानाच्या फळ्यावर लिहिलंय की."

"बिल्ल्याचा नंबर चारशे सतराच ना?"

"तुला पाठ आहे वाटतं!"

"काल तोच माझ्या गळाला लागला. साडेचार फूट भरला."

"थंडी काय कमी आहे का, रेमुंडो? आखडला असेल."

"अडीच फूट?"

"शेपटी धरलीस का मोजताना?"

"धरली. तुझी बायकोच टेप धरून उभी होती."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, एवढी थाप मारायची होती, तर मेल्याने सोडला कशाला? खाऊन टाकायचा!"