खंडाचं कारण

ताई : थांब, थांब! लगेच दाबू नकोस. मनात काय येतंय ते आधी मोठ्यांदा बोल.

धाकटी : मनात येतंय की कपडे वाळत घालायचे राहिलेत.

ताई : चेष्टा पुरे हं. पंधरा दिवस ही साइट थोड्याच लोकांना उघडून दिलीय, उद्यापासून सगळ्यांना. विद्यार्थ्यांना नोकरी शोधायला सोपं जावं म्हणून चार महिने डोकं फोडलंय, आणि एकाही विद्यार्थ्याला समोर बसवून बघितलेलं नाही. घरात एक आहे, शेवटचं वर्ष घरूनच करणारी, तर तिची ही नाटकं!

धाकटी : बरं बाई. मी विद्यार्थिनी. मला नोकरी हवी. पान छान आहे, रंग डोळ्यांत खुपत नाही. झालं?

ताई : झालं कसलं! ही जाहिरात उघड. पाणी तपासायची प्रयोगशाळा, मदतनीस पाहिजे, शेवटच्या वर्षाची मुलं चालतील. तुझाच विषय. मुदत आज पाचपर्यंत. आता तुझा नंबर टाकून 'अर्ज करा' दाब... अगं, हा अर्धा भरलेला कसा?

धाकटी : तुमच्या साइटची काहीतरी गडबड असेल.

ताई : गडबड तुझं नाव आणि तुझे मार्क लिहील होय? वेळा बघू. सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मंगळवार, सात दहा. आज सकाळी, सात दहा. अगं बाई! म्हणजे ती तू आहेस?

धाकटी : ती कोण?

ताई : काही नाही.

धाकटी : ताई, ती कोण?

ताई : माणसं साइटवर कुठे येऊन अडतात ते आम्ही टीममधले बघत असतो. नावं नाही दिसत, नुसते आकडे आणि मुलगा की मुलगी एवढंच. एकजण तेरा दिवस रोज सात-दहाला येते, हीच जाहिरात उघडते, अर्धा अर्ज भरते आणि निघून जाते. आम्ही तिला 'उंबरठेवाली' म्हणतो. परवा मीटिंगमध्ये मी तिचा तक्ता दाखवला, तर सगळे हसले.

धाकटी : तूपण?

ताई : सगळ्यात आधी मीच.

धाकटी : असू दे. हसण्यासारखंच आहे.

ताई : मुळीच नाही. पण बोलायचंस तरी! पलीकडच्या खोलीत तर असते मी.

धाकटी : सात-दहाला तू घोरत असतेस. आईचं तोंड धुवून, चहा पाजून झाला की ती परत पडते. तेवढी वीस मिनिटं माझी.

ताई : आणि वीस मिनिटांत एक बटण दाबून होत नाही?

धाकटी : चौथा रकाना वाच. मोठ्यांदा.

ताई : 'शिक्षणात खंड पडला असल्यास कारण निवडा. आजारपण. आर्थिक अडचण. नापास. इतर.' बरं, मग?

धाकटी : मी आजारी नव्हते. नापासही झाले नाही. लकव्यानं आईची उजवी बाजू गेली तेव्हापासून दोन वर्षं तिला उठवलं, बसवलं, आंघोळ घातली. एकेक शब्द करत बोलायला शिकवलं. ते सगळं 'इतर' का गं?

ताई : हा रकाना मी लिहिलाय.

धाकटी : माहितीय. 'चार पर्याय पुरे, मुलांचं याच्यापलीकडे काय असतं' असं फोनवर सांगत होतीस कुणाला तरी. मी तेव्हा आईची चादर बदलत होते.

ताई : एक ठेवून दे माझ्या पाठीत.

धाकटी : नको, माझाच हात दुखेल.

ताई : थांब, काढूनच टाकते तो. हे बघ, गेला. आता नुसतं विचारलंय, 'गेल्या काही वर्षांत काय केलंत? तुमच्या शब्दांत लिहा.' आणि तू माझी बहीण म्हणून नाही हं, सगळ्यांनाच असं. आमचे सर ओरडतील, ओरडू देत. लिही.

धाकटी : लिहिलं. 'आईला पुन्हा बोलायला शिकवलं.'

ताई : एवढंच?

धाकटी : का, कमी आहे?

ताई : नाही गं. दाब आता.

धाकटी : ताई... आणि लागली नोकरी तर? सकाळी नऊ ते पाच आहे ती. रकान्यावर मी उगाच खापर फोडतेय. बोट बटणापाशी जातं आणि वाटतं, आता आईनं हाक मारली तर?

ताई : मी आहे की. घरूनच तर काम करते.

धाकटी : तुला तिला पलंगावरून खुर्चीतसुद्धा बसवता येत नाही.

ताई : नाही येत. तू करत होतीस, म्हणून मी शिकलेच नाही. सोयीचं होतं ते मला. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

आई : (आतल्या खोलीतून, सावकाश) भांडताय... का गं?

धाकटी : नाही गं आई! तू झोप.

आई : झोपत... नाही मी. सकाळीपण... नाही झोपत.

धाकटी : म्हणजे? चहा घेऊन रोज डोळे मिटतेस ना?

आई : मिटते नुसते. तुला... वेळ मिळावा म्हणून. तेरा दिवस... पडून आहे. पाठव की... आता.

ताई : ऐकलंस? रडू नकोस, वेडाबाई. कीबोर्ड भिजेल माझा.

धाकटी : तू आधी डोळे पूस तुझे... गेला बघ. हिरवी खूण आली.

ताई : गेला! चल, ऊठ. आईला खुर्चीत बसवायची वेळ झाली ना? कसं उठवायचं ते दाखव मला.

धाकटी : आधी हात चोळून गरम कर. गार हात लागला की ती दचकते.