दोरा नसलेली मशीनं

परदेशी कंपन्यांनी यावं म्हणून उभारलेल्या खास औद्योगिक झोनच्या बसची वाट बघत टेलरबाई रांगेत उभ्या होत्या. आज नोकरीचा पहिला दिवस. कालच त्यांनी दुकानाची पाटी उतरवली होती. पुढे निळ्या एप्रनमधल्या दोघी बोलत होत्या. एक जुनी, एक कालच लागलेली.

"माझ्या मशीनला काल दोराच नव्हता गं!"

"कुणाच्याच मशीनला नसतो."

"म्हणजे?"

"परदेशी पाहुणे काचेपलीकडून बघतात. आपण मान खाली घालून पॅडल दाबायचं. कारखाना जोरात दिसला की ते पैसा घालणार, मग खरा सुरू होणार. असं साहेब म्हणतात."

"अगं बाई! ही तर सरळसरळ फसवणूक!"

"गेल्या महिन्यात याच हॉलमध्ये औषधं बनत होती. आम्ही टोप्या घालून रिकाम्या बाटल्यांना झाकणं लावली."

"आणि कालच्या त्या गोऱ्या साहेबाला पत्ता लागला नाही?"

"कोण, तो उंच? तो माझ्या भाचीला पोहायला शिकवतो."

"काय सांगतेस काय!"

"खरं कुणी अजून फिरकलंच नाही. पण मंत्र्यांना दाखवायला पाहुणे नकोत का?"

"देवा! म्हणजे आपणही खोट्या आणि पाहुणेही खोटे?"

"पगार खरा आहे. हळू बोल."

बस आली. जुनी मागे वळली. "चढा ताई. नव्या दिसताय. शिवता येतं का?"

"जन्म गेला शिवण्यात," टेलरबाई कशाबशा म्हणाल्या.

"अरेरे! मग तुम्हाला जड जाईल. हात सारखा दोरा शोधतो."