जोत्यातल्या जाळ्या

अमिता : फळी काढा बाबा. मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या. मग आईला माझ्याकडे देपालपूरला नेते का नाही, ते ठरवते.

शरद : काय बघणार? खाली दीड हाताची पोकळी, वर फळ्या, फळ्यांवर आपण. तुझ्या आजोबांनी बांधलं तसंच आहे.

अमिता : डॉक्टर साफ म्हणाले, नुसत्या औषधानं तिचा दमा हटणार नाही. घरात ओल कुठे आहे ते शोधा.

शरद : त्या डॉक्टरला सांग, एकवीस वर्षं मी मिलमध्ये लूम खात्याची ओल सांभाळलीय. हवा जरा कोरडी झाली की सूत पटापट तुटायचं, अन् मास्टर बोंबलत यायचा, 'शरद भिया, देखो तो!' अन् हा मला ओल शिकवणार?

इंदिरा : काढा हो. पोरगी सकाळच्या बसनं आलीय, भांडायला नाही आली.

शरद : घे. काढली. कर खात्री.

अमिता : बाप रे, काय घाण वास हा! आई, तू मागे सरक. माती बघा बाबा, गच्च ओली आहे. फळीला खालून बुरशी लोंबतेय. अन् जोत्यातल्या जाळ्यांमध्ये हे काय कोंबलंय?

शरद : कॉटन वेस्ट. मशीन पुसायचं. मिलला ताला लागला तेव्हा कोणी बॉबिन उचलले, कोणी पंखा. मी एक बोरा भरून हे आणलं.

अमिता : अन् चारही जाळ्या बंद केल्या?

शरद : मग? थंडीत तुझ्या आईचे पाय बर्फ व्हायचे. वारा सरळ फळ्यांखाली घुसायचा. मिलमध्ये आम्ही पहिलं हेच करायचो, झरोके बंद. एक फट नाही ठेवायची.

अमिता : अहो, मिलमध्ये ओल टिकवायची होती! इथे ती बाहेर जायला नको? जमिनीची वाफ कुठून निघणार? आजोबांनी जाळ्या शोभेला ठेवल्या होत्या का?

शरद : ऊब आली का नाही? विचार तिला.

इंदिरा : आली. पहिल्या हिवाळ्यात पाय गरम राहिले.

शरद : ऐकलंस?

अमिता : अन् दुसऱ्या हिवाळ्यात पंप लागला श्वासाला!

शरद : म्हणजे मीच केलं हे? बोल ना सरळ. मिलनं काढलं, आता पोरगी पण काढतेय.

अमिता : मी काही म्हणत नाही. मी आईची बॅग भरते.

शरद : थांब, थांब. आज सगळं मोकळं करतो. आठ दिवसांत सुकेल माती.

अमिता : फळ्या सडल्यात बाबा. होळीपर्यंत सुकलं तर बघू.

शरद : इंदिरा, तू सांग हिला. तू नाही जाणार.

इंदिरा : जाते मी. उशाशी टेकून बसून रात्री काढते, थकले हो. मला आडवं होऊन झोपायचंय.

शरद : मला काय माहीत होतं! कळलं असतं तर त्याच दिवशी उपटून फेकलं असतं सगळं.

इंदिरा : मला माहीत होतं.

अमिता : काय?

इंदिरा : मागच्या पावसाळ्यात हे बाजारात गेले होते, तेव्हा मी जाळीतला एक बोळा ओढून बघितला. आतल्या टोकातून पाणी निथळलं. परत जसाच्या तसा कोंबला.

शरद : परत कोंबलास? का? तोंड नव्हतं तुला?

इंदिरा : चार वर्षं झाली मिल बंद होऊन. रोज सहाला उठून, दाढी करून, तुम्ही बाहेरून एकेक बोळा दाबून बघायचात. परत आत यायचात ते ड्यूटी करून आल्यासारखे, चहा मागत.

शरद : अगं, म्हणून छाती खराब करून घेतलीस?

इंदिरा : सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी उठला असतात कशासाठी?