वीणा लागली का?

जितेंद्र: मावशी, तू आधी त्या स्क्रीनपासून लांब बस. तू बघतेस आणि माझं चुकतं.

बेबाबाई: न बघून कसं चालेल? ते लाल ठिपके बघ, कसे इकडून तिकडे पळताहेत. सापळ्यातल्या उंदरासारखे. काय शोधी ऱ्हायनं ते?

जितेंद्र: कोणाची तरी वाट बघतंय. दीड मिनिट बघेल, मग पुढे जाईल.

सुकदेव: सकाळपासून 'आता होईल, आता होईल' चाललंय तुझं. पारावर अख्खं गाव येऊन बसलं.

जितेंद्र: आबा, तुम्ही तोवर टाळ वाजवा ना.

सुकदेव: मी टाळकरी नाही, विणेकरी आहे. तुझ्या काकांच्या, अभिमन महाराजांच्या कीर्तनात जन्मभर वीणा घेऊन उभा राहिलोय. आज त्यांची पहिली पुण्यतिथी. त्यांचाच आवाज भोंग्यावर लावायचा म्हणून सगळे जमलेत. आणि तू जळगावहून येऊन आजच हा कॉम्प्युटर उकरलास. बरा चालला होता की!

जितेंद्र: चालला होता, पण फार जुना झाला होता आबा. आतल्या त्या लिनक्सला, म्हणजे तो चालवणाऱ्या प्रणालीला, आता कोणी दुरुस्त्या पाठवत नाही. एखाद्या दिवशी बसला असता तो उठलाच नसता. म्हणून नवं घातलं. नव्यात सुरुवात करून देणाराच बदललाय. सिस्टिमडी म्हणतात त्याला.

सुकदेव: डी म्हणजे? डाकीण?

जितेंद्र: आबा! चोपदार समजा. बटण दाबलं की आतल्या सगळ्यांना उठवणारा चोपदार. जुना होता तो एकेकाला नंबरानं हाक मारायचा. कोणी आलं नाही तर कुरकुर करायचा आणि पुढच्याला हाक घालायचा. हा नवा सगळ्यांना एकदम उभं करतो. पण 'याच्यावाचून सुरू करू नको' असं ज्याच्याबद्दल सांगितलंय, तो नाही आला तर सगळ्यांना दारातच अडवतो.

बेबाबाई: जितू, ठिपके गये.

जितेंद्र: कुठे?... अरे देवा.

बेबाबाई: काय लिहिलंय ते? थांब, तू नको सांगू. मला इंग्रजी येत नाही, पण हा शब्द मी ओळखते. पहिलं अक्षर तीन दातांच्या फणीसारखं. 'इमर्जन्सी' ना?

जितेंद्र: मावशी, कॉम्प्युटरात त्याचा अर्थ वेगळा...

बेबाबाई: जळगावच्या दवाखान्यात त्या दारावर हाच होता. महाराजांना आत नेलं, दार लोटलं, आणि मी बाकड्यावर बसून त्या फणीकडे बघत राहिले. दुसरीकडे बघायला काही नव्हतंच. आता तू म्हणशील, मावशी धीर धर. तो डॉक्टरही हेच म्हणाला होता.

सुकदेव: वहिनी, घोटभर पाणी घ्या. जितेंद्र, खरं काय ते सांग. महाराजांचा आवाज गेला का?

जितेंद्र: कीर्तनं या पेटीत नाहीतच आबा. ती बाहेरच्या डिस्कवर, शेजारी असते ना काळी डबी, तिच्यात. तिला मी हातसुद्धा लावलेला नाही.

सुकदेव: बरं. दुसरी प्रत असेल ना कुठे?

जितेंद्र: पेटीची काढली. डिस्कची... तिला हात लावायचाच नव्हता, म्हणून नाही काढली.

सुकदेव: वा रे विद्वान! शिखराला रंग दिला आणि गाभारा उघडा टाकला.

बेबाबाई: त्याला बोलू नका आबा. मी पद्मालयच्या गणपतीला नवस बोलले आहे. काही होणार नाही. काही होणार नाही ना रे?

जितेंद्र: वाचू दे. कोणासाठी अडला ते हा लिहून ठेवतो. हे बघ... वीणा.

सुकदेव: काय म्हणालास?

जितेंद्र: 'वीणेची वाट पाहिली, आली नाही,' असं म्हणतोय. त्या डिस्कचं नाव आहे ते. मी 'कीर्तन' ठेवत होतो. काका म्हणाले, नाही, वीणा ठेव.

सुकदेव: असं म्हणाले?... मग तुझा चोपदार शहाणा आहे रे. वीणा उभी राहिल्याशिवाय कीर्तन सुरू होतच नाही. समोर माणूस मावत नसो, घाई असो, महाराज मान वळवून मला विचारायचेच, आबा, वीणा लागली का? मी हो म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडातून नाम निघायचं नाही.

जितेंद्र: म्हणजे याला डिस्क दिसत नाहीये. मेली तर नाही? या फडक्याखालीच असते... आबा! वायर आहे, डिस्क नाही! मावशी, इथली डबी कोणी नेली?

बेबाबाई: (देव्हाऱ्यातली वात सारखी करायला वळते.)

जितेंद्र: मी चहाला उठलो तेव्हा होती. घरात कोण आलं होतं?

सुकदेव: वहिनी, एक विचारू? आज देव्हाऱ्यातले बाळकृष्ण एवढे उंच कसे? नमस्कार करताना मला वाटलं, देव वर्षभरात वाढले की काय.

बेबाबाई: हसू नका आबा.

सुकदेव: हसत नाही.

बेबाबाई: माले भ्याव वाटी गयं. जितू म्हणाला, जुनं सगळं काढून टाकतो. बठ्ठं! तो ओसरीवर चहा पीत होता. मी वायर ओढली, डबी महाराजांच्या उपरण्यात गुंडाळली आणि देवाच्या पाटाखाली ठेवली. म्हटलं, तू बस रे यावर. तू बसलास तर कोणी हात लावणार नाही.

जितेंद्र: मग मघापासून बोलली का नाहीस?

बेबाबाई: कशी बोलू? ओढली तेव्हा ती गरगरत होती. माझ्या हातात एकदा थरथरली आणि गप झाली. त्यांची छाती झाली होती तशीच. ठिपके पळायला लागले तेव्हा कळलं, त्या डबीलाच शोधतंय ते. माझ्या हातानंच त्यांचा आवाज गेला असेल, तर मी ते कोणाला सांगू?

जितेंद्र: चालू असताना ओढलीस...

सुकदेव: तोंड पाडू नको त्यांच्यापुढे. काय होतं तसं ओढलं की?

जितेंद्र: कधी बिघडते. कधी काहीच होत नाही. लावल्याशिवाय नाही कळणार. आण मावशी.

बेबाबाई: मी नही. आबा, तुम्ही आणा.

सुकदेव: वीणा घ्यायचा मान माझा, खरं आहे. पण ही तुम्ही उतरवलीत, तुम्हीच द्या. आधी देवाला हात जोडा आणि म्हणा, सरक जरा.

बेबाबाई: सरक रे बाळा. माझी चूक पोटात घाल... घे जितू. उपरण्यासकट घे.

जितेंद्र: लावली. बटण दाबतो.

बेबाबाई: ठिपके आले तर मला सांगू नको. मी डोळे मिटलेत.

सुकदेव: राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. जितेंद्र, तूही म्हण. तुझ्या डाकिणीला बाधणार नाही.

जितेंद्र: राम कृष्ण हरी... ठिपके आले.

बेबाबाई: सांगू नको म्हटलं ना!

जितेंद्र: थांब, थांब. कान दे. गरगरतेय मावशी! डबी गरगरतेय. ठिपके गेले... पुढे गेला. आला, वर आला! आता कीर्तन आपोआप लागेल, मी तसं सांगून ठेवलंय. भोंगे चालू आहेत ना?

सुकदेव: सकाळपासून.

बेबाबाई: मला तर काहीच ऐकू येत नाही रे.

(बाहेर भोंग्यात खरखर. मग कोणीतरी घसा साफ करतं.)

भोंगा: आबा, वीणा लागली का?

जितेंद्र: आहे! मावशी, आवाज शाबूत...

बेबाबाई: गप. आबा, बोला ना. ते थांबेल शेतस, वाट बघताहेत.

सुकदेव: लागली, महाराज.