आमच्या गल्लीचं शून्य

तेव्हा मी नवस बोलले होते, तुम्हाला सांगते, की देवा, तपासणीची गाडी आमच्या गल्लीत येऊ दे, तोवर चहात साखर घालणार नाही... आणि आली हो गाडी, पाच महिन्यांनी, आत पडदा, एक नर्सबाई, मी साखर घातली, ती नीट विरघळायच्या आत गाडी बंद.

का, तर आरोग्य समितीची बैठक. मी तिथे नागरिकांतर्फे, म्हणजे खुर्ची भरायला. भिंतीवर नकाशा, एचआयव्हीचा एक रुग्ण की एक लाल टिकली, बाजारापलीकडच्या वस्तीला टिकल्यांचा नुसता गोवर उठलेला आणि आमची गल्ली गोरीपान. आकडेवाले साहेब म्हणाले, "अभिनंदन ताई, तुमच्याकडे शून्य. गाडी तिकडे नेतो." मी म्हटलं, अहो साहेब, आमच्यातलं कोणी गल्लीत तपासून घेतच नाही, गाडीच्या पायरीवर पाय ठेवला की चार गॅलऱ्या विचारतात, काय गं, बरी आहेस ना... तर चष्मा पुसत, "जे कागदावर नाही, ते नाही."

आणि वरच्या मजल्यावरची शिवणवाली? नवरा ट्रकवर होता, गेल्या वर्षी गेला, सगळे म्हणतात तापाने. सहा महिने तिच्या मागे होते मी, की पोरी, वेळेवर कळलं तर औषधं आहेत, म्हातारी होशील चांगली. शेवटी "गुरुवारी येते काकू" म्हणाली, तर गुरुवारी गाडी कुठाय? बाजारापलीकडच्या तपासणी केंद्रात चल म्हटलं, तर, "दोन बस बदलून? राहू दे काकू." राहू दे, म्हणे. तीही कागदावर नाही, म्हणजे नाहीच.

मी साहेबांना पुन्हा गाठलं. ते म्हणाले, "ताई, टिकली पत्त्यावर लागते. पत्ता माणसं स्वतः लिहितात." आणि मी तशीच मागे फिरले... कारण आठ वर्षांपूर्वी आधी ह्यांचं निघालं, मग माझं, त्याच केंद्रात, आणि पत्ता मी कोणाचा लिहिला? बाजारापलीकडे राहणाऱ्या नणंदेचा. त्या गोवरातली एक टिकली माझी आहे हो. बाकावर आमच्याच गल्लीतले दोघं-तिघं दिसले होते, नावं नाही घेणार, सगळे आपले पंख्याकडे बघत बसलेलो. त्यांनी तरी कुठला लिहिला असेल?

म्हणून आता नवा नवस. साखर पुन्हा बंद, आणि उद्या जाऊन पत्ता बदलणार, आमच्या गल्लीचा, खरा. गाडी येईल, मला वाटतं येईल. फक्त एक करा, तुमच्यापैकी ज्यांनी मावशीचा, मेहुण्याचा लिहिलाय, त्यांनीही आपापला लिहा... गोऱ्यापान गल्लीत एकच टिकली लागली, तर कोणाची ते शेजारी पाच मिनिटांत सांगतील.