फुलांच्या बकेटमधला मुरूम

मी बिभीषण रंभाजी तुवर, वय ४७, धंदा शेती व जेसीबी, राहणार सोनई शिवार, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

माजी सभापती काकासाहेब यांच्या गटात मी वीस वर्षे आहे. विधानसभेच्या सभांत त्यांच्यावर जेसीबीतून फुले उधळायचे काम माझ्याकडेच असते. माझी धाकटी बहीण पुष्पावती गावातच दिली असून तिचे यजमान आदिनाथ हे विरोधी गटाचे आहेत.

मागील उन्हाळ्यात भाची ज्ञानेश्वरी हिचे लग्न होते. काकासाहेबांनी मला बोलावून सांगितले, "बिभीषण, निवडणूक तोंडावर हाय. तू तिकडं जेवला तर आपला गट फुटला म्हनून बोभाटा व्हईल. न्हाई जायचं." मी गेलो नाही. भाचीसाठी आणलेली साडी कपाटात आहे. 'मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात आणावे' असे माइकवर पुन्हा पुन्हा पुकारले, ते माझ्या घरी ऐकू आले. मी त्या वेळी जेसीबी धूत होतो. ती आदल्या दिवशीच धुतली होती.

काल बाजारतळावर काकासाहेबांचा आदिनाथ यांच्याच पक्षात प्रवेश होता. मी कारण विचारले असता ते म्हणाले, "सत्ता आपल्याकडं येईना, मंग आपनच सत्तेकडं जायचं. ह्याला रणनीती म्हनत्यात." आमच्याकडे याला कुंपणावरून उडी मारणे म्हणतात. जनावराने असे केल्यास त्याच्या गळ्यात लोढणे बांधतात. साहेबांच्या गळ्यात हार होता. लोक मात्र मलाच हसतात की, नाव याचे बिभीषण आणि पळाले साहेब.

काल सकाळी मी चारीतला मुरूम काढला. बकेट धुतली नाही. तिच्यात झेंडूच्या पाकळ्या भरून स्टेजजवळ जेसीबी उभी केली. काकासाहेब माइकवर म्हणाले, "ही बोलनी आजची न्हाई. आदिनाथरावांच्या पोरीच्या लग्नातच ठरलं हुतं. मामा रुसून घरी बसला हुता, मंग मीच मामा म्हनून पोरीच्या मागं उभा ऱ्हायलो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बकेट सोडली.

फुलांबरोबर दोन घमेली मुरूम खाली आला. फेटा जाड असल्याने साहेबांना इजा झाली नाही. फेटा नव्या पक्षाचा होता.

आज बहीण ठाण्यात डबा घेऊन आली. "दादा, लग्नाला न्हाई आला, आन् आता हितं येऊन बसला व्हय?" एवढेच म्हणाली. लग्नानंतर ती माझ्याशी बोलली ते हे पहिलेच. मला रडू आले, ते लिहून घेण्याची गरज नाही असे हवालदारसाहेब म्हणाले.

जबाब संगणकावर घेऊन मला वाचून दाखवला. त्यात हवालदारसाहेबांनी माझ्या भल्यासाठी 'मुरूम नजरचुकीने राहिला' असे घातले होते. ते माझे बोलणे नाही. मी ते काढायला लावले. आता जबाब बरोबर आहे.