सुईसकट मफलर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आप्पासाहेब, व्यासपीठावरची सन्माननीय पाहुणेमंडळी, ज्यांच्यासाठी जमलो त्या आमच्या फिलोमिनाबाई, आणि केडगावच्या विणकाम वर्गातल्या माझ्या सख्यांनो, मी लंकाबाई सगळ्यांना हात जोडते. मला अक्षर येत नाही. शब्द माझे, वाचतेय माझी नात संस्कृती. भाषण आवडलं तर माझं, अडखळलं तर तिचं.

बाई उद्या कायमच्या लेकीकडं नाशिकला निघाल्या. परवा म्हणाल्या, "लंकाबाई, आता कसलं येणं होतंय!" तेव्हापासून घास उतरत नाही. मघाचे दोन लाडू उतरले, ते सोडा.

बाईंची शिस्त कडक. वर्गाची सुई ज्यानं घरी नेली, त्यानंच आणून द्यायची. मी एकदा संस्कृतीच्या हाती पाठवली, तर सुईसकट पोरगी माघारी!

त्यांनीच मला दोन रंगांचा मफलर शिकवला. विणीचं नाव ब्रिओश. एका अंगानं हळदी, उलटा केला की जांभळा. हळदी लोकरीनं ओळ विणायची, मग न वळता टाके दुतोंडी सुईच्या, ओळ जिथून सुरू केली त्या टोकाला सरकवायचे आणि त्याच ओळीवरून जांभळी लोकर न्यायची. मग वळायचं. आता सांगा, जिचा जन्म पाभरीमागं बी सोडण्यात गेला, ती शेतातला तास, म्हणजे पेरणीची ओळ, संपल्यावर वळणार नाही का? मी दर खेपेला वळायचे. जांभळी लोकर पलीकडच्या टोकाला माझी वाट बघत बसायची.

"लंकाबाई, वळू नका हो!"

"बाई, पाभर मागं सरकवता येती व्हय?"

सात वेळा उसवलं. आठव्यांदा बाईंनी विचारलं, "बाजरी पेरली आणि तूर विसरली, तर काय कराल?"

"मोकळ्या हातानं माघारी बांधाला यीन, त्याच तासात तूर सोडीन."

"मग तेच करा की!"

झालं! त्या दिवसापासून एक ओळ उसवली नाही.

संस्कृती, मफलर वर धर. बाई, ही तुमची भेट. टाके अजून सुईवरच आहेत. 'बंद करायला मला येत नाही' असं म्हणणार होते, पण तुमच्यासमोर खोटं कशाला? येतं. मुद्दाम केले नाहीत. तुम्ही गाडीत बसल्या बसल्या कराल, तेही ठाऊक आहे. पण सुई वर्गाची आहे, आणि नियम तुमचा.

लाडू वळणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. म्हातारीचं काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा. सुईला तेवढी माफी नाही, बाई.